चुना वाळेपर्यंत

आबांनी चुन्यात कुंचा बुडवला आणि परसातल्या भिंतीवर काढलेल्या बायकोच्या चित्रावरून फिरवला. ते चित्र धाकट्या सुलीने चुलीतल्या कोळशाने काढलं होतं, आई समोर सुपात तांदूळ निवडत बसलेली असताना. कागदाला पैसे नव्हते. दिवाळीनंतर आई वारली. आता थोरलीचं लग्न ठरलं होतं.

"पाहुणे म्हणतील, घर आहे की शाळेची पाटी?" आबा पुटपुटले. पण ओल्या चुन्यातून चेहरा तसाच बघत होता. "जात का नाही गं ही?"

"चुना वाळला की जाईल," सुली म्हणाली.

दोघं भिंतीसमोर बसून राहिली. आधी पदर गेला, मग सूप, सगळ्यात शेवटी डोळे.

आबांना ती कोरी भिंत बघवेना. "परत काढ की."

"तेव्हा आई समोर होती, आबा. मला बघूनच काढता येतं. आठवून कसं काढायचं, ते कुणी शिकवलंच नाही."

आबांनी घागर उचलून भिंतीवर पाणी मारलं. चेहरा पुन्हा वर आला, पहिल्यापेक्षा फिका.

"नीट बघून घे, सुले. घाई करू नकोस," ते म्हणाले, आणि आणखी पाणी आणायला निघाले.