नाव कधी खोडायचं

“सोडलास? कुणाला विचारून सोडलास?” सर कडाडले आणि वर्ग फिदीफिदी हसला.

उंच पोरगा वर्गाच्या मधोमध अवघडून उभा राहिला. आज तो मोबाइल होता. खिडकीपाशी बाकावर चढलेली मुलगी जुना टॉवर, दाराशी उभा असलेला चष्मेवाला नवा टॉवर. बोलणं चालू असताना फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे सर गेली बावीस वर्षं असंच शिकवत आले होते. फळ्यावरच्या बाणांनी कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही, असं त्यांचं ठाम मत.

“नव्याने ‘जागा आहे, ये’ असं कळवलं होतं का?”

“त्याने मान हलवली, सर.”

“नुसती मान हलवून भागत नाही, बाबा. पक्का निरोप लागतो.”

बोलता बोलता सरांना आतून टोचलं. ज्या पोरीला त्यांनी याच वर्गात शिकवलं, ती यंदा विभागप्रमुख झाली होती. आता रजेच्या अर्जावरही तिची सही लागायची. सरांना हे भारी झोंबलं. त्यात एका कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, “या हो सर, झालंच समजा.” झालं. आज सकाळीच सरांनी “मला मोठ्या कंपनीने बोलावलंय” असं ऐकवून तिच्या टेबलावर राजीनामा आपटला होता. आणि आता त्याच विभागप्रमुख बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. सरांचा तास ऐकायला, म्हणे.

टेबलावरचा सरांचा फोन थरथरला. कंपनीचा मेसेज होता. ‘क्षमस्व. ही भरती तूर्त रद्द केली आहे.’

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. निवृत्तीला अजून आठ वर्षं, लेक शिकतेय आणि राजीनाम्याचं बायकोला सांगितलेलंही नाही.

“सर,” उंच पोरगा अजून तिथेच होता, “जुना सुटला, नवा घेत नाही. मी आता जाऊ कुठे?”

वर्ग पुन्हा हसला. सर हसले नाहीत.

“जुन्याकडे परत,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “त्याने नाव खोडलं नसेल तर घेतो. खोडलं असेल तर खेळ खलास.”

“आणि तो नाव कधी खोडतो?” बाईंनी मागून विचारलं.

सरांनी रुमालाने मान पुसली. “फोन पोचला, असं नव्या टॉवरने जुन्याला कळवलं की. त्याआधी नाही.”

घंटा झाली. पोरं गलका करत बाहेर पडली. बाई सरांच्या टेबलापाशी येऊन थांबल्या.

“तुमचा कागद मी पुढे पाठवलेलाच नाही, सर. त्या कंपनीने मला कुठे काय कळवलंय अजून?”