मागच्या सीटवरची

फोटोतल्या बाईचा हात सुदर्शनच्या खांद्यावर होता. तेवढा हात सोडला, तर तनुजाला नवऱ्याचं सगळं पटलं होतं.

स्कूटी तनुजाच्या नावावर, म्हणून चलान तिच्याच मोबाइलवर आलं: मागे बसलेल्या व्यक्तीने हेल्मेट घातलेले नाही. व्यक्ती साडी मात्र व्यवस्थित नेसली होती आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता. सुदर्शन म्हणे, ही आपल्या गुलमंडीच्या साड्यांच्या दुकानातली पुतळी. नाक रंगवून आणत होतो, ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून स्कार्फ.

तनुजानं सोयगावला माहेरी जायची बॅग भरली आणि खरंखोटं करायला रिक्षानं थेट ट्रॅफिक ऑफिस गाठलं. सुदर्शननं पुरावा म्हणून पुतळी आणली. स्कूटीवरच, पण या वेळी तिला हेल्मेट घालून.

सांडू हवालदारांनी पुतळीला खालून वर न्याहाळलं.

"साहेब, हिला जीव नाय," सुदर्शन म्हणाला.

"जीव हाय का नाय, ते आमच्याकडं येत नाय. डोकं हाय ना? मग हेल्मेट पायजे. दंड भरा."

"डोक्याचं ऱ्हाऊ द्या," तनुजा म्हणाली. "अहो, हिचे दोन्ही हात कमरेवर हायेत. मग फोटोतला हात कुणाचा?"

सुदर्शननं पुतळीचा उजवा हात धरून फिरवला. करकर वाजलं. मग तिच्याकडं पाठ करून तो मागं सरकला. हात बरोबर त्याच्या खांद्यावर बसला.

तनुजानं फोटो पाहिला, खांदा पाहिला. हात तोच होता.

"न बघता बसवला की ओ."

"खड्ड्यात लई हलती गं ती. आधार लागतो."

"मला कधी म्हणलात का, आधार घे म्हणून?"

सांडू हवालदारांना एकदम काम आठवलं.

सुदर्शननं गुपचूप दंड भरला. दारातच हेल्मेट विकायला होती, त्यातलं एक तनुजाला घेतलं. बॅग पायाशी ठेवली. पुतळीला त्याच्यामागं बसू द्यायला तनुजा काही तयार नव्हती. ती स्वतः मधे बसली.

संध्याकाळी मोबाइल वाजला. ट्रिपल सीट.

तनुजानं फोटो मोठा केला. हेल्मेट तिघांनाही होतं. पुतळीचा हात तनुजाच्या खांद्यावरून पुढं जाऊन सुदर्शनच्या खांद्यावर टेकला होता.

बॅग तिनं अजून उघडली नव्हती.