इश्वरची माय

“मंग? माहा इश्वर काय म्हणला?” म्हातारीनं विचारलं.

उत्तर तिला पाठ होतं. दरवर्षी धानकापणी आटोपली की यादोराव कारध्याहून दिघोरीला यायचा, तिच्या ओसरीत बसायचा आणि एकाहत्तरच्या लढाईतली ती मोहीम पहिल्यापासून सांगायचा. विमान इश्वर चालवत होता. मागे बसून वाट दाखवायचं काम यादोरावचं. यंदा लग्नानंतर प्रथमच सत्यवती नवऱ्यासोबत आली होती.

“म्हणला, यादो, तू फक्त रस्ता सांग, घरी मी नेतो. शत्रूच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकून आम्ही वळलो होतो, माय. खालून तोफा सुरू. संगं आलेली तिन्ही विमानं डोळ्यांदेखत पेटली. आमाले बी मार बसला. इश्वरच्या अंगातून रक्त वाहून राहिलं होतं. मी दिशा सांगत गेलो, तो विमान हाकत गेला. चाकं जमिनीले टेकली, विमान थांबलं. मी हाक मारली, तर ओ देईना.”

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. “पण तुले आणलं नं त्यानं घरी. चाल, जेव आता.”

यादोराव पोटभर जेवला. वरून पुन्हा भात मागून घेतला. सत्यवती बघतच राहिली. लढाईवरून आला तेव्हा पोरगा मुक्यासारखा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, असं सासू सांगायची. दिघोरीला जाऊ लागला आणि माणसात आला.

ती हात धुवायला हापशीवर गेली, तर शेजारची बेबीबाई जवळ सरकली.

“तुमी आता घरच्या झाल्या, म्हणून सांगते. इश्वरची माय, धुरपता, तार आली त्याच महिन्यात गेली. हे ओसरीतली म्हातारी, कुंताबाई. तुमचे मालक पहिल्यानं आले तवा धुरपताचं आंगण झाडत होती बिचारी. त्यायनं पायच धरले. माय, माय म्हणून रडले. नाही कसं म्हणावं? तिले ना मूल ना बाळ. गावानं बी तोंड बंद ठेवलं.”



निघताना म्हातारीनं तिची ओटी भरली, यादोरावच्या गालांवरून हात फिरवला. सत्यवतीला तिच्याकडे बघवेना.

एसटी भंडाऱ्याच्या वाटेला लागली. हे याला सांगावं की नाही? पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवून पडला तर? पण उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तर? त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि बेबीबाईचं बोलणं हळूहळू, अडखळत, सगळं सांगून टाकलं.

यादोराव खिडकीबाहेर धानाच्या गंज्यांकडे बघत होता. मग तो तिच्याकडे वळून हसला.

“मले पहिल्याच वर्षी समजलं,” तो म्हणाला. “पण तिले काही बोलू नको. एकुलता एक लेक आहो मी तिचा.”