नावाची लांबी
हिमबिंदूनं सी भाषेत लिहिलेला टोकनयंत्राचा प्रोग्राम भास्करसरांनी स्वतःच्या नावावर खपवला. वर नावाची लांबी मोजून वीस अक्षरांवर अडवणारी ओळही खोडली; यंत्रात नावाला जागा तेवढीच होती. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या तिला ते म्हणाले, "पूर्ण नाव लिहितं कोण आपल्याकडे? आद्याक्षरं टाकतात. बाळंतपणात डोकंही मऊ पडलं वाटतं, अम्मा."

काकीनाड्याच्या इस्पितळाचे मालक यंत्र बघायला आले, तेव्हा तीच अदबीनं म्हणाली, "पहिलं टोकन मालकांच्याच नावाचं काढू या ना, सर. पूर्ण नावाचं."

मालक खुलले. सरांनी हौसेनं नाव टाकलं, 'मुक्कामला वेंकट सत्य सूर्य वरप्रसाद राव'. यंत्र जागीच बंद पडलं.

"कुणी लिहिलंय हे?" मालकांनी विचारलं.

"सगळं सरांनीच," हिमबिंदू म्हणाली. "माझी एकच ओळ होती, ती त्यांनी काढून टाकली."