खळ्याचा पुरावा

रेवदंड्यातलं मासळी वाळवायचं खळं शेजारच्या रिसॉर्टवाल्यानं आपलं म्हणून सांगितलं, तेव्हा नीराबाईची सारी भिस्त सून हेतलनं काढलेल्या खळ्याच्या जुन्या फोटोंवर होती. पण घरच्या कॉम्प्युटरवर एकही फोटो उघडेना. हेतलनं दुसरं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, फाइलींची नावं बदलून पाहिली, आणि शेवटी ती रडवेली झाली.

"आई, फाइलीच खराब झाल्यात."

"रडतीस कशाला? खळं हाय ना जागेवर!"

सकाळी तलाठी पाहणीला आले. "पुरावा आहे का काही?"

रिसॉर्टवाला गालात हसला. नीराबाईनं खळ्यातली मूठभर वाळू उचलून थेट तलाठ्यांच्या नाकाशी धरली. "चार पिढ्यांचा वास हाय. याला म्हणावं, धुवून दाखव!"

तलाठ्यांनी नाकाला रुमाल लावला आणि लिहिलं, 'जागेचा वापर: मासळी वाळवणे.'