शेवटच्या खेपेतली गाडी

त्याने किल्ली पुन्हा फिरवली. गाडी सुरू झाली नाही. बॉनेट उघडलं, तर आत उंदरांनी कुरतडलेल्या वायरींचे तुकडे पडले होते.

त्याची बायको पुढच्या सीटवर बसून होती, डोक्याला स्कार्फ बांधून. परवा घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "आता त्यांना आवडेल ते करू द्या." तिला याच गाडीतून गुहागरचा समुद्र बघायला जायचं होतं.

कंपनीने बंद केलेल्या मॉडेलच्या शेवटच्या खेपेतली ही गाडी. "पंचवीस वर्षांनी लोक शोधत येतील," म्हणत त्याने गाडी झाकून ठेवली होती. सीटवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. तिच्या केमोच्या सगळ्या फेऱ्या रिक्षाने झाल्या होत्या.

"भाड्याची गाडी बोलावतो."

"नको. इथेच बसू थोडा वेळ. चप्पल बाहेर काढू का? तुमची गाडी मळेल."

"राहू दे गं."

तो आत येऊन बसला. प्लास्टिक तिच्या घामेजल्या मानेला चिकटलं होतं. त्याने ते अलगद सोडवलं आणि मग टराटरा फाडून काढलं.

"अहो, किंमत उतरेल ना!"

त्याने स्टिअरिंग धरलं. समोर गॅरेजची भिंत होती.

"कराड सुटलं," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पाटण गेलं. आता कुंभार्लीचा घाट."

तिने डोळे मिटले.

"हळू घ्या. पोचायची घाई नाहीये मला."