गुंजन लाडात आली

"पाहा जी, आता मुका घेते!" अंजूनं हरखून मोबाइल डॉक्टरीणबाईंसमोर धरला.

भंडाऱ्याला ती आली होती लेकीच्या, गुंजनच्या झोपेची तक्रार घेऊन. पण स्वमग्न पोर, तिला कसली माया, असं आंधळगावात जो तो म्हणायचा. त्या साऱ्यांच्या तोंडावर मारायला तिनं हा व्हिडिओ काढला होता. गुंजनला एरवी हात लावायची सोय नव्हती, किंचाळून पळायची. नवरा सुरतेला कामावर. अंजूला माणसाचा स्पर्श म्हणून उरला नव्हता. पण कधीकधी गुंजन हातातलं टाकून जागीच थबकायची, टक लावायची, मुका घेतल्यासारखे ओठ मचमच वाजवायची. अंजू धावत जाऊन तिला उराशी धरायची, आणि पोर चक्क धरू द्यायची! मग खांद्यावरच झोपायची. घरात म्हणत, गुंजन लाडात आली. तेवढ्यावर अंजू दिवस काढायची.

डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. "तुम्ही हाका मारताय, तिला ऐकूच जात नाहीये. ताई, हा मुका नाही. ही फिट आहे, मिरगीची."

"मिरगी? हातपाय तं नाही झाडत ते!"

"सगळ्याच फिटमध्ये झाडत नाहीत. अशा मुलांचं तर 'त्यांचं असंच असतं' म्हणून राहूनच जातं."

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. गुंजनचं लाडात येणं थांबलं. घर खायला उठलं.

"गोळीनं माया मारली वं पोरीची," सासू शकुंतलाबाई म्हणाली. "एक दिवस नोको देऊ. काय होते?"

अंजूच्या मनातलंच बोलली म्हातारी. त्या सकाळी गोळी डबीतच राहिली.

दुपारी गुंजन अंगणात थबकली. अंजूनं धावत जाऊन तिला कवटाळलं. किती दिवसांनी! मग न राहवून विचारलं, "गुंजन, मी कोन वं?" ओठ मचमचत राहिले. डोळे अंजूकडेच होते, पण त्यांत कोणी नव्हतं. अंजू हाका मारत सुटली.

या खेपेला गुंजन झोपली नाही. हळूहळू भानावर आली, अंगाभोवतीचे हात पाहिले, किंचाळली आणि दोन्ही हातांनी आईला असं ढकललं की अंजू मागच्या मागे पडली.

"लागलं का वं?" सासू धावली.

"नाही जी. गोळी आना तिची," अंजू रडत रडत हसली. "आत्ता ओळखलं तिनं मले."